शिट्टी वाजली नाही

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्या घरात हे घडलं ते माझ्या मावसबहिणीचं. मी तिला ताई म्हणतो. शिवणकाम करते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या, की उठून भांडी घासायला जाणारी बाई. तिने हे मला एकदाच सांगितलं. सांगताना सुईत ओवायचा दोरा तसाच हातात राहिला होता.

शनिवार होता. संध्याकाळचे साडेसात. गल्लीतल्या संघाने सामना जिंकला होता आणि सगळी गल्ली रस्त्यावर उतरली होती.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. समोर गॅरेज. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच.

वडील तीस वर्षं दगडखाणीत सुरुंग लावायचे. तिथला नियम सोपा. भोकं मोजायची, बार मोजायचे. आकडे जुळले, की लांब शिट्टी. मगच माणसांनी पुढे जायचं. एक जरी बार कमी ऐकू आला, तर शिट्टी नाही.

एकदा ते चुकले. नऊ बार झाले होते, त्यांनी दहा मोजले. शिट्टी मारली. त्यांचा जोडीदार पुढे गेला...

दहावा बार तेव्हा उडाला.

त्यानंतर कुठे फटाका वाजला, की हा धिप्पाड माणूस टेबलाखाली शिरायचा. सकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी ताईच्याच लक्षात आलं, की आकडा आधी कळला तर ते आवाज सोसतात.

मग गल्लीत पद्धतच पडली. फटाके लावायच्या आधी कुणीतरी वर येऊन आकडा सांगायचा. वडील तेवढी बोटं वर धरून बसायचे. बार झाला, की एक बोट मिटायचे. शेवटचं बोट मिटलं, की खिडकीतून लांब शिट्टी. सुरुवातीला पोरांनी थट्टा केली, पण पुढे पुढे त्या शिट्टीशिवाय कुणी पाऊल उचलेना.

त्या शनिवारी गॅरेजवाला स्वतः वर आला. म्हणाला, "ताई, दहा. एकही जास्त नाही."

आवाज घुमावा म्हणून त्याने बार लोखंडी नळ्यांत ठेवले होते. ते मात्र सांगितलं नाही.

पहिला बार झाला. खिडकीची काच थरथरली. एक बोट मिटलं.

दुसरा. तिसरा. वडिलांच्या कपाळावर घाम होता, पण नजर बोटांवरून हलत नव्हती. सातवा... आठवा... नववा.

आणि मग...

काहीच नाही.

एक बोट तसंच वर राहिलं.

खाली हशा पिकला. फुसका निघाला म्हणून पोरं ओरडायला लागली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. वडिलांचा सदरा घामाने अंगाला चिकटला. ते वर धरलेलं बोट लटलट कापायला लागलं. खालून गॅरेजवाल्याने हाक दिली, की काका, मारा शिट्टी, वात बदलून पुन्हा लावतो.

ताईला ते बघवेना. आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "झाला बाबा दहावा. हळू झाला. मी ऐकला."

त्यांच्याशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. बोट मिटलं. ते उठून खिडकीशी गेले आणि गळ्यातली शिट्टी ओठांना लावली.

तेवढ्यात ताईच्या पाठीमागून आवाज आला.

कर्र... कर्र...

खडीवरून कुणी जड बूट घालून चालावं तसा. घरात फरशी होती. मागच्या खोलीत कुणी नव्हतं.

आवाज तिच्या अगदी जवळून पुढे गेला. तिच्या अंगाला दगडाच्या भुकटीचा कोरडा वास घासून गेला.

वडिलांचे गाल फुगले. मानेच्या शिरा टरारल्या. पण...

शिट्टी वाजली नाही.

खाली गॅरेजवाला वर बघत ताटकळत उभा होता. एक पाय पुढे टाकलेला, शिट्टीची वाट पाहत.

आणि दहावा बार उडाला.

नळी फुटली. तिचा एक तुकडा गॅरेजच्या शटरमध्ये घुसला. वात बघायला माणूस वाकला, तर त्याचा गळा जिथे येईल, बरोबर तिथे.

गॅरेजवाला धडपडत वर आला आणि काकांचे पाय धरून बसला. वडिलांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते ताईकडे बघत होते.

"पोरी, माझं तोंड कशाला दाबलंस?"

ताई अजून दारातच होती. दहा पावलं लांब.

वडिलांच्या तोंडावर राखाडी भुकटी होती. या गालापासून त्या गालापर्यंत चार बोटं उमटलेली. रुंद, पुरुषी. वडिलांनी ती भुकटी पुसून हातावर घेतली, तिचा वास घेतला आणि खाली बसून हुंदके देऊन रडले. गॅरेजवाल्याने त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून फुंकून पाहिली. खणखणीत वाजली.

रात्री ताईने कबूल केलं, की बाबा, मी खोटं बोलले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्याने सांगितलं."

त्या दिवसापासून गल्लीत फटाके बंद झाले. आता गॅरेजवालाच दारोदार जाऊन लोकांना विनवतो, की फटाके लावू नका, कुठल्या घरात कुणाच्या मनावर काय ओझं आहे ते आपल्याला दिसत नाही. वेळ आली होती पण काळ आला नव्हता, असं गल्ली म्हणते. ताई मात्र तसं म्हणत नाही.

कारण वडील आता तिला आकडा विचारत नाहीत.

गेल्या गुरुवारी बाहेर सगळं शांत होतं. वडिलांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, "किती?" थोडं थांबले. मान डोलावली... आणि एक बोट वर केलं.

जेवताना ते बोट वरच असतं. झोपेतही. कशाचं, ते विचारायची ताईची हिंमत नाही. सकाळी दूध आणायला उतरते तेव्हा ती जिन्याची एकेक पायरी चाचपून पाय ठेवते.

शिट्टी अजून वाजलेली नाही.