पुतळ्याच्या अलीकडे थांबलेला ट्रक

"आमचा ट्रक भुताला बघून थांबला, असं लोक म्हणताहेत," मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या. "हसू नका."

वहिनी हसल्या नाहीत. भावजी हसले, आणि वहिनींनी बघताच त्यांनी हसू खोकल्यात दडवलं. वहिनी खासगी तपासाची कामं करत. धाकटे दीर त्यांची गाडी चालवत आणि शंका काढत.

मालकीणबाईंच्या कारखान्यानं ट्रकसाठी एक यंत्रणा बनवली होती. समोर माणूस आला की ट्रक स्वतःच ब्रेक लावतो, आणि मागच्यांना कळावं म्हणून चारही पिवळे दिवे लुकलुकतात. काल चाचणीच्या मैदानावर ते ग्राहकांना दाखवायचं होतं. रस्त्यात माणसाचा पुतळा ठेवला होता. ट्रक मात्र पुतळ्याच्या कितीतरी अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर करकचून थांबला.

"विनाकारण थांबणारा ट्रक मागच्याचा जीव घेईल, असं म्हणून ग्राहक निघून गेले. मी आजारी, घरी होते. चाचणी जावयांनी घेतली. ते म्हणतात, ड्रायव्हर फितूर झालाय. त्याला काढू, की यंत्रणाच गुंडाळू? आज ठरवायचंय."

"यंत्रणेची नोंद असेल ना?"

"नुसतं दाखवायचं होतं, म्हणून नोंदयंत्र जोडलंच नाही."

मैदान लांबलचक आणि सपाट होतं. एका टोकाला पाहुण्यांची गॅलरी आणि शेजारी काचेची कंट्रोल केबिन होती. ट्रक तिथूनच सुटून समोर दूर जात असे. पलीकडे, पुतळ्याच्या जागेशी एक शेड होती.

ड्रायव्हरकाका ट्रकच्या पायरीवर बसले होते.

"ब्रेक आपोआप लागला," ते म्हणाले. "मी काय करणार?"

"हात थरथरताहेत तुमचे."

"कालपासून थांबतच नाहीत, बघा."

"चाचणीत रोज पुतळ्यांवर ट्रक घालणारा माणूस नुसत्या थांबण्याला घाबरला?" भावजी वहिनींच्या कानाशी लागले. "चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

"चांगला प्रश्न विचारलात," वहिनी म्हणाल्या. "उत्तर मात्र भलतंच काढलंत."

शेडमध्ये शिंपीणबाई पुतळ्याचा फाटलेला खांदा शिवत होत्या. पुतळे दुरुस्त करायचे, उभे करायचे आणि 'रस्ता मोकळा' असं वॉकीटॉकीवर कळवायचं, हे त्यांचं काम.

"कालचा वॉकीटॉकी कुठाय?"

"वर केबिनमध्ये, चार्जरवर. काल सकाळीच मान टाकली त्यानं."

"ट्रक सुटला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

सुई थबकली. "इथंच की. ट्रक सुटल्यावर शेडबाहेर पाय टाकला तर नोकरी जाते, ताई. नियम आहे. घरी दोन मुली आहेत माझ्या."

केबिनमध्ये जावई येरझारा घालत होते.

"सकाळपासून ग्रहच फिरले होते. पाहुणे घड्याळ बघताहेत, वाऱ्यानं पुतळा आडवा झालेला... शेवटी एकदाचा ट्रक सोडला."

"'मोकळा' ऐकून?"

"त्याशिवाय मी हिरवा दिवा देतच नाही."

"थांबताना ट्रक कसा दिसला?"

"पाठमोरा. पुढचं सगळं झाकलं गेलेलं. मागचे लाल दिवे भक्कन पेटले, बस्स."

"पिवळे?"

"नाही, नुसते लाल."

"आणि तुम्ही सगळे तिथवर चालत गेलात तेव्हा पुतळा?"

"होता की उभा, ठोंब्यासारखा."

वहिनींनी सगळ्यांना केबिनमध्येच बोलावून घेतलं.

"यंत्रणेत काहीही बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "तिनं ब्रेक लावला असता तर पिवळे दिवे लुकलुकले असते. दिसले फक्त लाल. म्हणजे ब्रेक पायानं लागला. काका, तो तुम्ही मारलात."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" जावई उसळले.

"जरा थांबा. ट्रक सुटायच्या आधी पुतळा आडवा होता, नंतर उभा होता. मधल्या वेळात तो काय स्वतःच उठला? कुणीतरी रस्त्यात जाऊन तो उभा केला, आणि तेवढ्यात ट्रक आला. काकांना पुढे पुतळा नाही, जिवंत बाई दिसली. यंत्रणा जागी होईपर्यंत ते वाट बघत बसले नाहीत."

शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"यांची नोकरी जाऊ नये म्हणून काका खोटं बोलले. फितुरीचा आळही गिळला."

"पण मुळात चूक बाईंचीच ना?" भावजींनी विचारलं. "ट्रक सुटलेला असताना त्या रस्त्यात गेल्या."

"त्यांनी कळवल्याशिवाय ट्रक सुटत नाही, या भरवशावर गेल्या. जावईबापू, त्यांचा वॉकीटॉकी काल सकाळपासून तुमच्या कोपरापाशी चार्जरवर आहे. मग 'मोकळा' तुम्ही ऐकलंत कशावर?"

जावयांनी चार्जरकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"पाहुणे निघायच्या बेतात होते," ते म्हणाले. "एवढ्या लांबून नीट दिसत नव्हतं; वाटलं, एव्हाना पुतळा उभा करून बाई शेडमध्ये परतल्या असतील. तिथं कुणी होतं हे मला आत्ता कळतंय. मावशी, मी... मी तुम्हाला मारलं असतं."

काकांनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. मालकीणबाईंनी फोन उचलला आणि ग्राहकांना सगळं सांगितलं, जावयाच्या चुकीसकट. पलीकडून आवाज आला, "इतकं खरं सांगणाऱ्यांचा ट्रक पुन्हा बघायला हवा."

दुसऱ्या खेपेला नोंदयंत्र जोडलं होतं. हिरव्या दिव्याचं बटण केबिनमधून काढून शेडमध्ये बसवलं होतं. ते काम जावयांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. शिंपीणबाईंनी पुतळा उभा केला, शेडमध्ये परतल्या, रस्ता दोन्हीकडे न्याहाळला. पाहुणे ताटकळले. एकानंही घाई केली नाही.

मग त्यांनी बटण दाबलं.