काजलीची सातवी दुनिया

उदेसिंग वळवीच्या ऑफिसात येणारा प्रत्येक अशील डोळ्यांत पाणी घेऊनच येई. खाली मिरचीचं गोदाम होतं. त्यामुळे खरं कोण रडतंय हे ओळखायला शिकणं, हाच नंदुरबारातल्या खासगी गुप्तहेराचा पहिला धडा होता.

कमलीबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी आली. धडगावकडच्या डोंगरातली पावरा आदिवासी बाई. खुर्ची सोडून जमिनीवर बसली.

"रिना मन्ही पोर. शहाद्याजवळ लोणखेड्याला शिकत होती. शेतातल्या विहिरीत सापडली. पोलीस म्हणतात, जीव दिला. आमचं गाव म्हणतं, आईने लग्नाचं टुमणं लावलं म्हणून दिला."

"लावलं होतं?"

"मुलाकडचे देज घेऊन दारात बसले होते. मी पोरीला विचारलं, हो सांगू का? एवढंच." ती थांबली. "मी मारली का तिला, दादा? तेवढं सांग."

उदेसिंगचा मदतनीस बन्सीलाल मोबाइल छातीशी धरून उभा राहिला. "दादा, ही तर काजलीवाली पोर!"

मोबाइलवर क्रमशः येणाऱ्या त्या कादंबरीचा बन्सीलाल निष्ठावान वाचक होता. काजलीला पहिल्या दुनियेत दगा देऊन मारतात. मग ती दुनियेमागून दुनियेत जन्म घेते आणि गोड बोलून एकेका वैऱ्याचा काटा काढते. लेखिका चारुलता पाटील, फोटोसकट. रिना तिची खोलीतली मैत्रीण.

"रिना सापडली त्याच्या आदल्या रात्री शेवटचा भाग आला," बन्सीलाल म्हणाला. "सातव्या दुनियेत काजलीच्या बापाला जावयाला गाडी देणं जमत नाही, म्हणून ती विहिरीत उडी घेते. सहा दुनिया जिंकी आनी इहिरमा उडी? मन्हं डोकंच फिरनं! पोलीस म्हणतात, तो भाग रिनाने लिहिला. तीच तिची चिठ्ठी."

"बाकी कादंबरी कशी आहे?"

"झकास. एकच पटत नाही. चीनचा राजवाडा असो की ढगांवरचं शहर, नवऱ्याचा बाप मुलीच्या दारात सामान घेऊन उभा! असं कुठं असतं का?"

उदेसिंग एव्हाना उठला होता. तो गाडीची किल्ली शोधत होता.

विहीर लोणखेड्याच्या भाग्येश नावाच्या तरुणाच्या शेतात होती. तो रिनामागे फिरायचा, म्हणून त्याच्या गावाने त्याला आधीच खुनी ठरवून टाकलं होतं.

"फिरायचो, खोटं कशाला बोलू?" भाग्येश म्हणाला. "लग्नाचंही विचारलं. ती हसली. म्हणे, आमच्यात देज मुलगा देतो, झेपेल का पाटील? पण त्या दिवशी मी नवापूरला पोल्ट्रीवर होतो. सकाळी येऊन मोटार लावायला गेलो, तर..." त्याने मान फिरवली.

"विहिरीवर कोण यायचं?"

"रिना आणि चारुलता, दोघीच. संध्याकाळी बसायच्या."

नवापूरच्या पोल्ट्रीमालकाने फोनवर दुजोरा दिला. भाग्येश रात्रभर तिथे मेलेल्या कोंबड्या पुरत होता. इतकी वाईट सबब कोणी बनवून सांगत नाही.

शहाद्यातल्या चारुलताच्या खोलीत पलंगभर साखरपुड्याच्या साड्या होत्या.

"कादंबरी माझी," ती म्हणाली. "शेवटचा भाग तेवढा रिनाने हट्टाने मागून घेतला. माझ्यासमोर बसून लिहिला आणि बाहेर गेली. मी न वाचताच टाकला. वाचला असता तर..." तिने डोळे टिपले.

"स्थळ कुठलं, ताई?" बन्सीलालने साड्यांकडे बघत विचारलं.

"सुरतचं. आधीचं गाडीवरून मोडलं. बाबांना झेपली नाही. यांचं काही मागणं नाही. त्यांना लेखिका सून हवी आहे."

उदेसिंग तिथून उठला तो थेट पोलीस ठाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी चारुलताच्या खोलीत जमादार दाराशी उभा राहिला आणि कमलीबाई भिंतीशी बसली.

"ताई, तुम्ही सगळं बरोबर सांगितलं," उदेसिंग म्हणाला. "फक्त उलटं. कादंबरी रिनाची. शेवटचा भाग तुमचा."

"पुरावा?"

"बन्सीलाल, सहा दुनियांत मुलीच्या दारात सामान कोण आणतो?"

"नवऱ्याचा बाप."

"ते देज. आमच्या डोंगरात मुलगी न्यायची तर मुलाकडच्यांनी द्यायचं. रिनाने दुनिया कितीही बदलल्या, ही रीत बदलावी असं तिच्या मनातही आलं नाही. सातव्या दुनियेत मात्र अचानक मुलीचा बाप गाडीपायी लाचार होतो. ज्या पोरीच्या दारात देज घेऊन लोक बसलेत, ती मरताना हे लिहील? हे दुःख तिचं नाही. ते या खोलीत दुसऱ्या कोणाचं आहे, ते तुम्हीच काल सांगितलंत."

बन्सीलालने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"भाग तुम्ही लिहिला," उदेसिंग पुढे म्हणाला, "म्हणजे ती तुमच्यासमोर लिहीत बसली, हे खोटं. आणि भाग आला रात्री, रिना सापडली सकाळी. ती विहिरीत आहे हे रात्रीच कोणाला ठाऊक होतं?"

चारुलताने पलंगावरची एक साडी उचलून तिची घडी घातली.

"तिला स्वतःचं नाव लावायचं होतं," ती म्हणाली. "पुढच्याच भागापासून. म्हटलं, माझा साखरपुडा होऊ दे, मग लाव. ऐकेना. ढकललं... मग कारण तर लिहायला हवं होतं. मुलगी विहिरीत सापडली की आमच्याकडे हेच असतं. दुसरं मला सुचलंच नाही."

जमादाराने तिला उठवलं. मोबाइलवर वाचक अजून विचारत होते, काजली आता कुठल्या दुनियेत जन्मणार? बन्सीलालने पहिल्यांदाच तो न वाचता खिशात ठेवला.

"म्हणजे मी विचारलं म्हणून नाही," कमलीबाई म्हणाली.

"नाही, बाई."

मग ती रडली. तिथे आसपास मिरचीचं एकही गोदाम नव्हतं.