सत्तावीस गोधड्या आणि एक पातं

"अरे, हे मक्याचं कणीस आहे की पिवळी बादली?" चायोने विचारलं.

"कणीसच!" पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून अँडर्सचा आवाज आला. "दाणे चिकटवायचे राहिलेत अजून."

"आणि डोकं कुठून बाहेर काढणार आहेस?"

नळकांड्यातून नुसती खुडबूड ऐकू आली. टिल्डा खो खो हसत सुटली. बारा वर्षांची टिल्डा ब्रेक्के म्हणजे अँडर्सची मोठी बहीण, आणि शेजारच्या घरातली चायो रेंतेरिया तिच्याच वर्गातली. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला दोनच दिवस उरले होते. ॲल्डर ग्रोव्ह गावातली झाडून सगळी पोरं त्या सकाळी सोंगं घेऊन, सायकली सजवून पार्कभोवती फेरी मारायची. मग पाय बांधून शर्यती, कलिंगडं, बँड! वर्षभर वाट पाहावी असा दिवस.

तेवढ्यात गॅरेजच्या दारात गावचे पोलीस, डेप्युटी क्रँडल, यांची गाडी थांबली.

"अँडर्स, बाहेर ये. आणि ती गलोल पण घेऊन ये."

अँडर्स कणसातून रांगतच बाहेर आला. "का? काय झालं?"

"आज सकाळी दहा वाजता लायब्ररीची खिडकी फुटली. गेल्या शुक्रवारी, याच वेळी, न्हाव्याच्या दुकानाची पाटी. त्याआधीच्या मंगळवारी दूधवाल्याच्या गाडीचा दिवा. गावात गलोल घेऊन हिंडणारा पोरगा एकच आहे."

"मी नाही केलं! मी फक्त रिकाम्या डब्यांवर नेम धरतो!"

"त्याचा नेम लागतच नाही हो," टिल्डा घाईघाईने म्हणाली. "डबासुद्धा पडत नाही त्याच्याकडून!"

पण क्रँडल यांनी गलोल खिशात घातली. "खरं काय ते सांगेपर्यंत मिरवणुकीत यायचं नाही. पार्कची देखभाल करणाऱ्या मिस्टर पिट्झरनी स्वतः मला सांगितलं, हा पोरगा सारखा पार्कमध्ये घुटमळत असतो म्हणून."

गाडी निघून गेली. रडायचं नाही असं ठरवल्यामुळे अँडर्स एकटक सायकलच्या चाकाकडे बघत राहिला.

"थांब," चायो एकदम म्हणाली. "शुक्रवारी दहा वाजता तू कुठे होतास?"

"दातांच्या डॉक्टरकडे! तोंडाचा आ करून!"

"तोंड उघडं होतं रे. हात मोकळे होते ना?"

"हात खुर्चीला घट्ट धरलेले. भीतीने!"

"म्हणजे पाटी दुसऱ्याच कुणीतरी फोडली," टिल्डा म्हणाली. "चला! आपणच शोधून काढू."

लायब्ररीतल्या बाईंनी त्यांना खिडकीतून आत आलेला गोटा दाखवला. चायोने तो उलटसुलट करून पाहिला. त्याच्या एका अंगाला ओला हिरवा डाग होता.

"गवत! गलोलीतल्या दगडाला गवत कसं लागेल?"

लायब्ररी, न्हाव्याचं दुकान, आणि दूधगाडी उभी होती तो कोपरा, तिन्ही जागांची तोंडं पार्ककडे होती. तिघं रस्ता ओलांडून पार्कमध्ये गेली. बँडच्या लाकडी मंडपापाशी अँडर्स थबकला. मंडपाच्या फळीत, त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, काहीतरी चमकत होतं. दोन बोटं रुंदीचा, वाकडातिकडा, जाड पोलादाचा तुकडा फळीत अर्धा रुतून बसला होता!

"हात नको लावूस! कापेल!" टिल्डा ओरडली.

चायो गुडघ्यांवर बसून गवत निरखत होती. "इकडे बघा. इथे पट्टा सरळ कापलाय, अगदी न्हाव्याने कापल्यासारखा. आणि त्याच्या शेजारचा हा दोन फुटी पट्टा बघा. पाती कापलेली नाहीत, ओरबाडलीत! टोकं पिवळी पडलीत. सगळ्या पार्कभर असंच आहे. दोन पट्टे चांगले, एक खराब."

"गवत कधी कापतात इथलं?" टिल्डाने विचारलं, आणि उत्तर तिचं तिलाच सुचलं. "मंगळवारी आणि शुक्रवारी! सकाळी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"या कामाला एकच माणूस," अँडर्स म्हणाला. "हुल्डा आजी!"

हुल्डा राइनेके कुणाचीच सख्खी आजी नव्हती. चाळीस वर्षं तिने गावातले ट्रॅक्टर दुरुस्त केले होते, आणि तिला आजी म्हणायची हिंमत फक्त अँडर्समध्ये होती. तिने पक्कड आणि चामड्याचे हातमोजे आणले, फळीतून तुकडा उपटला आणि चष्म्याजवळ धरला.

"ही धार दिसते का? आणि ही कड बघा, तुटलेली. हा तुकडा गवत कापायच्या पात्याचा आहे." तिचा चेहरा कठोर झाला. "पिट्झरच्या त्या मोठ्या यंत्राच्या पोटाखाली सहा फूट रुंद लोखंडी डेक, म्हणजे पात्यांवरचं झाकण आहे. त्यात तीन पाती फिरतात. त्यातल्या एकाचा लचका गेलाय. नाल फेकायच्या खेळाचा लोखंडी खुंटा बघून या बरं."

अँडर्स धावत गेला आणि धापा टाकत परत आला. "खुंटा वाकलाय! आणि त्याच्यावर ताजा चकचकीत घाव आहे!"

"म्हणजे यंत्र त्यावर आदळलं. दांडगा धक्का बसला असणार त्याला. लगेच थांबून खाली वाकून बघायला हवं होतं."

"नाही बघितलं तर काय होतं?" टिल्डाने हळूच विचारलं.

"लचका गेलेलं पातं तोल जाऊन थरथरतं. थरथरून तडा वाढतो. मग एक दिवस अख्खं पातं सुटतं. हा एवढासा तुकडा फळीत घुसला, पोरांनो. अख्ख्या पात्यासमोर कुणी उभं असलं तर?"

चायोने फळीतल्या त्या चिरेत हळूच बोट घालून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चौघं यंत्राच्या शेडवर गेली. लॉवेल पिट्झर, पार्कचे मुख्य, सँडविच खात बसले होते. माणूस तसा हसतमुख, पण कायम घाईत. अख्खा पार्क आपण दोन तासांत उरकतो, हे ते भेटेल त्याला सांगत.

यंत्राच्या उजव्या बाजूला, गवत बाहेर उडतं त्या तोंडावर, एक झडप असते. दगडगोटे उडालेच तर ते जमिनीकडे वळवायचं काम तिचं. इथे मात्र ती झडप तारेने वर बांधून ठेवली होती. तोंड सताड उघडं! लायब्ररीतला गोटा इथूनच उडाला होता.

"लॉवेल, हे काय आहे?" हुल्डाने विचारलं.

"अहो, ती झडप बाकड्यांना अडकते. दर वेळी मागे घ्या, पुढे घ्या! अर्धा तास वाया जातो."

"आणि हे?" तिने पोलादी तुकडा पुढे धरला. "डेक उचलून खाली कधी बघितलं होतंस?"

पिट्झरनी तुकड्याकडे पाहिलं, पण हातात घेतला नाही. "हुल्डा, तुमचं वर्कशॉप बंद होऊन दहा वर्षं झाली. जुन्या काळातलं भंगार असेल ते. उद्या सकाळी सात वाजता मला रस्त्याकडेचा शेवटचा पट्टा कापायचाय. चार जुलैनंतर बघू."

"रस्त्याकडेचा?" टिल्डा दचकली. "पण सात वाजता तिथेच तर छोटी मुलं सायकली सजवायला येतात!"

"मग त्यांनी जरा लांब उभं राहावं!" असं म्हणून पिट्झरनी डबा बंद केला.

डेप्युटी क्रँडल फोनवर म्हणाले, "आरोपीची बहीण आरोपीला वाचवणारच." महापौर बाई बाहेरगावी होत्या. हुल्डाने टाउन हॉलला तीनदा फोन लावला, पण तिथले सगळे आधीच सुट्टीवर गेले होते; घंटी नुसती वाजून वाजून थांबत होती.

"किल्लीच पळवू या!" अँडर्स म्हणाला.

"हं, म्हणजे गलोलवाला आता चोर पण!" चायोने त्याच्या डोक्यावर टप्पल मारली. मग हळूहळू तिचे डोळे लकाकू लागले. "टिल्डा, चार जुलैला पार्कमध्ये जागा धरायची असली तर लोक काय करतात?"

"सकाळी लवकर जाऊन गोधडी अंथरतात."

"आणि दुसऱ्याने अंथरलेली गोधडी कुणी हलवतं का?"

"छे! गेल्या वर्षी जोरात पाऊस आला, तरी पाद्रीबाईंच्या गोधडीला कुणी हात लावला नाही. भिजली बिचारी!"

"झालं तर मग!"

त्या दुपारी तिघांनी घरं वाटून घेतली. "तुमची जागा उद्या आम्ही धरून ठेवू का? अगदी रस्त्यालगत, मिरवणूक समोरून दिसेल!" बायका खूश! पाद्रीबाईंनी गोधडी दिली, न्हाव्याच्या बायकोने दिली, महापौरांच्या सासूबाईंनी तर लग्नातली दिली आणि वर बजावलं, "हिला डाग पडला तर गाठ माझ्याशी आहे!"

चार जुलैच्या सकाळी सहाला गवतावर दव होतं. मुलांनी खाली जुन्या ताडपत्र्या घातल्या आणि वर गोधड्या अंथरल्या. एक, दोन, दहा, वीस, सत्तावीस! रस्त्याकडेचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीबेरंगी झाला. प्रत्येक गोधडीवर नावाची चिठ्ठी टाचलेली.

"आता ऐका," हुल्डा म्हणाली. "तुम्ही सगळे, आणि ती छोटी मुलंसुद्धा, माझ्या ट्रकच्या मागे. यंत्राच्या पुढे नाही, आणि उजवीकडे तर मुळीच नाही. जो डोकं बाहेर काढेल त्याला कलिंगड नाही!"

बरोबर सातला घरघर ऐकू आली. पिट्झर पाती फिरवतच येत होते. गोधड्या दिसताच त्यांनी तीस फुटांवर यंत्र उभं केलं.

"हे काय? कुणी मांडलाय हा बाजार?" ते खुर्चीवरून खाली उतरले आणि ताडताड चालत गोधड्यांपाशी आले. पहिली चिठ्ठी वाचली. पाद्रीबाई. दुसरी वाचली. महापौरांच्या सासूबाई! पुढे केलेला हात त्यांनी झटकन मागे घेतला.

रस्त्यावर खांब लावायला आलेले डेप्युटी क्रँडल आवाज ऐकून वळले. शेजारच्या घरांतून लोक बाहेर आले.

"लॉवेल!" ट्रकच्या आडून हुल्डा कडाडली. "तू इथे उभा आहेस. मग तिथे कोण बसलंय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. खुर्ची रिकामी होती, आणि यंत्र चालूच होतं! डेकखाली पाती गरगरत होती. लोखंड खडखडत होतं.

"चालक उठला की इंजिन आपोआप बंद पडायला हवं," हुल्डा क्रँडलना म्हणाली. "खुर्चीखाली त्याचा स्विच असतो. हे बंद पडलं नाही. का पडलं नाही ते याला विचारा!"

पिट्झरचा चेहरा उतरला. "सारखं बंद पडायचं ते… दगड उचलायला उतरलो तरी… म्हणून मी तिथे एक वायर…"

तेवढ्यात खाड्‌कन आवाज झाला! उजव्या तोंडातून काहीतरी सूं करत सुटलं आणि रिकाम्या बाकाच्या पाठीत घुसलं. फळी उभी चिरली.

छोट्यांपैकी एक मुलगी रडायला लागली. अँडर्सने तिचा हात धरला आणि तिला ट्रकच्या चाकामागे आणखी आत ओढलं.

"डाव्या बाजूने जा, लॉवेल," हुल्डा आता अगदी शांत आवाजात म्हणाली. "आधी पाती बंद कर. मग इंजिन. ब्रेक लाव. किल्ली काढून माझ्याकडे आण. आणि सगळं पूर्ण थांबेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही."

पिट्झरनी मुकाट्याने तसंच केलं.

हुल्डाने किल्ली खिशात घातली आणि यंत्र चुकूनही सुरू होऊ नये म्हणून इंजिनच्या प्लगची वायर काढली. यंत्राचा पुढचा भाग जॅकने उचलून त्याखाली लाकडाचे भक्कम ठोकळे ठेवले. "नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग हातमोजे चढवून तिने आत बघितलं. दोन पाती धड होती. तिसऱ्याचं निम्मंच उरलं होतं. बाकातून निघालेला तुकडा आणि मंडपातला तुकडा तिने जमिनीवर त्याच्याशी जुळवून ठेवला. कडेला कड बसली!

क्रँडलनी वाकून ते तीन तुकडे स्वतः जुळवून पाहिले. मग त्यांनी खिशातून गलोल काढली आणि ते अँडर्सपुढे एका गुडघ्यावर बसले. "मी चुकलो, बेटा. शहानिशा न करता बोललो."

"चुकलो मीसुद्धा," पिट्झर म्हणाले. "तुझं नाव मीच सांगितलं. तीस वर्षांत कधी काही झालं नाही, म्हणून वाटलं…" त्यांची नजर रडणाऱ्या मुलीच्या सायकलीवर होती. ती सायकल त्या बाकापासून दहा पावलांवर पडली होती.

"चाळीस वर्षं मी हेच काम केलं," हुल्डा म्हणाली, "आणि ही बघ दहाच्या दहा बोटं. नशीब नाही ते. दर वेळी किल्ली खिशात होती."

मिरवणूक अर्धा तास उशिरा निघाली. बँडच्या मंडपातून, नुकत्याच परतलेल्या महापौर बाईंनी तिघांची नावं घेतली तेव्हा सत्तावीस गोधड्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. "मोठ्यांनी जे बघायचं ते या मुलांनी बघितलं," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही ऐकलं नाही, तरी त्यांनी हार मानली नाही." महापौरांच्या सासूबाईंनी तिघांना लग्नातल्या गोधडीवर बसवलं. कलिंगड मात्र लांब बसून खायला लावलं!

पुढच्या मंगळवारी यंत्र दुरुस्त होऊन आलं. नवी पाती, मोकळी सोडलेली झडप, खुर्चीखाली नवा स्विच. पण सकाळी आठला पिट्झर यंत्रावर नव्हते. हातात बादली घेऊन ते पार्कमध्ये पायी फिरत होते. गोटे, खिळे, बाटल्यांची झाकणं वेचत होते. त्यांच्या मागे टिल्डा, चायो, अँडर्स आणि गावातली आणखी अकरा पोरं.

"मिस्टर पिट्झर, अशाने तुम्हाला चार तास लागतील!" अँडर्स म्हणाला.

"लागू देत."

वेचून झाल्यावर सगळी मुलं कुंपणापलीकडे गेली. पिट्झर खुर्चीवर बसले, कमरेचा पट्टा बांधला आणि वळून एकेक डोकं बोटाने मोजू लागले. चौदा. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. चौदाच.

मग त्यांनी किल्ली फिरवली.