धाकटीचं न्हाणं

दार उघडलं तर समोर एक उंच माणूस. कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे, खांद्याला बॅग, काखेत मोठा टॉवेल.

“धाकटी कुठंय?” तो म्हणाला. “चावते म्हणे.”

तो आवाज... माझ्या हातातला साबण सटकला. गेले सहा महिने रोज सकाळी दहाला हाच आवाज माझ्या कानात असायचा. जनावरांचे डॉक्टर! माझे डॉक्टर — म्हणजे, माझे साहेब.

मी त्यांची व्हर्च्युअल असिस्टंट. मराठीत सांगायचं तर, न दिसणारी मदतनीस. त्यांच्या दवाखान्याचे फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, यादी पाठवायची... सगळं घरी बसून, एका हाताने. दुसऱ्या हातात कुणाचं तरी शेंबडं नाक. जगाला मी दिसत नाही. माझ्या दोन पोरींना मात्र मी बाथरूमचं दार लावलं तरी दिसते.

आधीच्या एका साहेबाने पोरीचं रडणं ऐकून दुसऱ्याच दिवशी काम काढून घेतलं होतं. म्हणून डॉक्टरांना ठोकून दिलं होतं — आमचं ऑफिस आहे, बारा माणसांचं. मागून किंकाळी आली की म्हणायचं, “मीटिंग चाललीय.” ते बिचारे हळहळायचे, “फार ताण असतो हो तुमच्याकडे.”

सुरुवातीला थाप कामापुरती होती. मग त्यांच्या त्या “जेवलात का?”ची सवय लागली, आणि... जाऊ दे. दोन पोरी, नवरा तीन वर्षांपूर्वी वेगळा झालेला. एवढा पसारा बघून कोण थांबतं?

आणि आज हे दारात! डॉक्टरांनी मोबाईल पुढे केला. “हे बघा, तुमचीच वेळ आहे ना? ‘पाच वाजता. धाकटीचं न्हाणं. चावते. टॉवेलात गुंडाळून धरणे.’ खाली पत्ता.”

माझ्या फोनात दोन कॅलेंडरं. एक घरचं, ज्यात घरचा पत्ता आपोआप पडतो, आणि एक त्यांचं. दुपारी गळ्यात धाकटी लोंबकळत असताना बोट कुठे पडलं, ते आत्ता कळलं.

बोलले तर आवाज ओळखणार. मी तोंडावर बोट ठेवलं, मान हलवली. सरळ मुकी झाले.

“अरेरे...” डॉक्टर कळवळले आणि मोठ्याने, सावकाश बोलू लागले, “तु-म-ची... कु-त्री... कु-ठे... आ-हे?”

“काका, आई बोलते की!” थोरली मागून आली. सात वर्षांची, सत्यवचनी. “आत्ताच धाकटीवर केवढी ओरडली!”

डॉक्टर गोंधळले. “थांबा, माझ्या असिस्टंटला पत्ता नीट विचारतो.” त्यांनी फोन लावला.

माझ्या खिशात तो वाजला.

मी काही करायच्या आत बाथरूममधून एक ओलं, फेसाळ भूत धावत आलं. धाकटी. तिने माझ्या खिशातून फोन ओढला आणि शिकवल्याबरहुकूम ठणकावलं, “हॅलो! आई मीटिंगमध्ये आहे!”

डॉक्टरांनी ते एका कानाने फोनवर ऐकलं, दुसऱ्याने समोर. मग फोन हळूच खाली घेतला.

“नमस्कार, डॉक्टर,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“बारा माणसं?”

“तीन. त्यातल्या दोघी कामाला हात लावत नाहीत.”

“परवाची ती तातडीची मीटिंग...”

“बाहुलीचं डोकं निघालं होतं.”

ते हसले नाहीत. मीच म्हटलं, “काम काढून घेणार असाल तर आत्ताच सांगून टाका. काम दुसरं मिळेल... पण दहाचा फोन नाही मिळणार. म्हणून थापा मारल्या.”

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचे कान लालबुंद.

“मॅडम... मीही एक सांगतो. तुमची यादी मला आठलाच मिळते. दहाला विचारण्यासारखं काही उरतच नाही. रात्रभर प्रश्न शोधतो मी. काल कासवाला किती वेळ द्यायचा, विचारलं ना?”

“तेच म्हटलं, आपल्याकडे कासव कधी आलंय!”

“आपल्याकडे...” ते हळूच म्हणाले. आता माझे कान लाल.

“काका, मी कुत्री नाहीये,” धाकटीने खुलासा केला.

“असं कसं? दात बघू.”

तिने दाखवले. नुसते दाखवले नाहीत, वापरलेही. पण हातमोजा जाड होता. मग डॉक्टरांनी तिला मांजरासारखं टॉवेलात गुंडाळलं, मान अलगद मागे धरली, आणि मी पाणी ओतलं. डोळ्यांत थेंब गेला नाही. आमच्या घरात असं न्हाणं पहिल्यांदाच झालं — एकही किंकाळी नाही! त्यांच्या सदऱ्यावर मात्र फेसच फेस. मी पुसायला गेले, तर म्हणाले, “राहू द्या... छान वाटतंय.”

सहा वाजले. ते निघायला उठले, तशी थोरली दारात आडवी.

“काका, तुम्ही परत येणार आहात का?”

“का गं?”

“येणार असाल तर बूट आत ठेवत जा. तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा पळवतो.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या कडीकडे. कडी फारच बघण्यासारखी होती.

“ती तुम्हाला विचारतेय,” ते म्हणाले.

“तुम्हाला विचारलंय. मी काय सांगू?”

“सांगा काहीतरी...”

“कुत्रा खरंच पळवतो,” मी म्हटलं.

ते बाहेर गेले, बूट उचलले, आणि आत आणून आमच्या चपलांशेजारी ठेवले. मग पुन्हा खुर्चीत बसले — निघायचं साफ विसरून.