अक्षताची पार्टनर

मुलांनो, मनातल्या मनात एक हॉल उभा करा. फार मोठा नको. कामोठ्यातल्या एका सेक्टरमध्ये बुद्धविहार आहे, त्याच्या तळमजल्यावरचा हॉल म्हणा. समोर मूर्ती, मूर्तीपुढे झेंडूची फुलं, डाव्या हाताला पाण्याचं पिंप. छताला चार पंखे, त्यातला दुसरा फिरताना टिक-टिक करतो. रविवारची सकाळ आहे, नऊ वाजलेत. विहाराची झाडलोट करणाऱ्या बयाबाई फरशी पुसतात आणि मग लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. दोन-दोन, समोरासमोर. मांडल्यात? मोजा. बारा झाल्या पाहिजेत.

आता त्यांच्यावर मुलं बसवा. मुलं अकराच आहेत.

ती उरलेली खुर्ची लक्षात असू द्या.

हा इंग्रजी बोलण्याचा वर्ग होता. चंद्रशेखर सर माणगावकडच्या शाळेत तीस वर्षं शिकवून मुलाकडे राहायला आले होते आणि घरात नुसतं बसणं त्यांना जमत नव्हतं. वर्गाची रीत साधी. दर रविवारी सर आजच्या जगण्यातला एखादा विषय द्यायचे. घर, प्रवास, मोबाईल, शेजारी, घरपोच येणारं जेवण. सोबत पाच प्रश्नांचा एक कागद. तीन मिनिटं समोरच्या पार्टनरला प्रश्न विचारायचे आणि मग उभं राहून वर्गाला सांगायचं. पण स्वतःचं नाही, पार्टनरचं. सुरुवातही ठरलेली. ‘माय पार्टनर सेज.’

“आपलं का नाही सांगायचं, सर?” रोहनने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“आपलं सांगायला सगळ्यांनाच आवडतं, बाळा. समोरच्याचं ऐकलंस का, ते मला बघायचंय.”

अक्षताचं मात्र उलट होतं. तिला आपलं सांगायला मुळीच आवडत नसे. सातवीतली हुशार मुलगी, वही बघत राहावी इतकी नेटकी, पण बोलताना अडखळायची. त्यातून स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की जास्तच. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत बसतं ना, तसं तिचं स्वतःचं नावच ‘अ’वर अडकून बसायचं. त्यामुळे तिच्यासमोर बसायला कुणी तयार नव्हतं.

“तीन मिनिटांत हिचं फक्त गुड मॉर्निंग होईल,” रोहन म्हणाला, आणि बाकीची हसली.

पण अक्षताला बोलायचंच होतं. बेलापूरच्या एका शाळेत आठवीसाठी एक जागा या वर्गातल्या एका मुलाला मिळणार होती. चौथ्या रविवारी सर एक नाव लिहून पाठवणार होते. अक्षताची आई शर्मिला बेलापूरच्याच एका ऑफिसात नऊ वर्षं टायपिंग करत होती. इंग्रजी पत्रं ती भराभर टाईप करायची, पण साहेब काही विचारायला लागले की मान खाली घालायची. अक्षताने ते एकदा पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तिने कॅलेंडरवर चौथ्या रविवारभोवती पेनने गोल काढला.

“टेन्शन नको घेऊ गं,” आई म्हणाली.

“टे-टेन्शन नाही. मी बोलणार.”

पहिल्या रविवारी सरांनी जे केलं, ते चांगल्या मनाने केलं. एकटी बसलेली अक्षता पाहून ते म्हणाले, “तू त्या रिकाम्या खुर्चीलाच विचार. उत्तरंही तूच बनव. समज, तिथे एक मुलगी बसलीय.”

विषय होता घर. अक्षताने खुर्चीकडे बघत ओठातल्या ओठात प्रश्न वाचले आणि उत्तरं वहीत लिहिली. तिची पाळी आली. ती उठली. घशात दार फुगायला लागलं.

“माय पार्टनर सेज,” ती म्हणाली.

शब्द अडकले नाहीत. पुढचेही नाहीत. माझ्या पार्टनरचं नाव स्नेहल, ती सांगत गेली, सगळं इंग्रजीत. स्नेहल अठराव्या मजल्यावर राहते, तिच्या लिफ्टमध्ये आरसा आहे, तिला स्वतःची खोली आहे, तिचे बाबा रोज संध्याकाळी घरी जेवतात. अक्षता राहायची तिसऱ्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट गणपतीपासून बंद होती. तिचे बाबा महाडच्या कारखान्यात होते आणि महिन्यातून एकदा यायचे. पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

सरांनी चष्मा काढला. “वा. छान बोलते तुझी पार्टनर.”

अक्षता घरी गेली ती जिने चढत नाही, उड्या मारत.

दुसऱ्या रविवारी विषय प्रवास. स्नेहल मेट्रोने जाते, पहिल्या डब्यात खिडकीपाशी बसते, तिला कुठलं स्टेशन आलं ते न बघता कळतं. अक्षता घडाघडा बोलत होती. शेवटी सर म्हणाले, कुणाला स्नेहलला काही विचारायचंय का? रोहनने हात वर केला.

“इथे राहायला यायच्या आधी ती कुठे राहायची?”

अक्षताने ‘वाशी’ असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, “माय पार्टनर सेज, इथेच. ही फरशी घालायच्या आधीपासून.”

मुलं हसली. सरही हसले. अक्षताने खाली बघितलं. फरशी ओली होती, एवढंच. पुसलेली होती, आणि एकाच खुर्चीभोवती अजून वाळली नव्हती.

वर्ग सुटल्यावर बयाबाई चहा आणि बिस्किटं वाटायच्या. त्या दिवशी त्यांनी रिकाम्या खुर्चीवर एक कागद ठेवला, त्यावर दोन बिस्किटं.

“ही कु-कुणाला, बयाआजी?”

“त्या पोरीला. हाडकुळी हाय गं फार. एकानं काय व्हतंय तिचं?”

“कु-कुठली पोरगी?”

“तुझ्या म्होरची. आता गं बाई, पार्टनर तुझी आन मला इचारते.”

बयाबाईंना चेष्टा करायची सवय होती. अक्षताने तसंच धरलं.

त्या आठवड्यात तिचं अडखळणं वाढलं. आधी फक्त स्वतःबद्दल बोलताना व्हायचं, आता भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागताना झालं. एके संध्याकाळी दारात उभं राहून तिला आईला हाक मारायची होती. ‘आ’ आलाच नाही. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. आई आतून म्हणाली, “कोण आहे?” बाहेर येऊन तिने जिन्याकडे पाहिलं आणि मग दचकून म्हणाली, “अगं, तू इथेच आहेस होय? मला दिसलीच नाहीस.”

तिसऱ्या रविवारी सरांनी हजेरी घेतली. बारा नावं वाचली. बारावं स्नेहल. ‘प्रेझेंट’ कुणी म्हटलेलं अक्षताला ऐकू आलं नाही, पण सरांनी मान डोलावली आणि खूण केली.

तिने शेजारच्या रोहनला हळूच विचारलं, “तु-तुला ती दिसते?”

“कोण?”

“स्नेहल.”

“काय फेकते काय? मागच्या रविवारी तिनेच मला पेन दिलं, हे बघ.” त्याने पेन दाखवलं. निळं होतं. आठ दिवसांपूर्वी हरवलेलं अक्षताचं पेन. त्यावर तिने नावाचं स्टिकर चिकटवलं होतं. स्टिकर तसंच होतं, पण नाव बोटाने चोळून चोळून पुसावं तसं गेलं होतं.

विषय होता शेजारी. अक्षताने ठरवलं, आज थोडकंच बोलायचं. पण ती उठली आणि ‘माय पार्टनर सेज’ म्हटलं की पुढचं आपोआप आलं, नळाची तोटी हातात निघून यावी तसं. ती बसली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे समोरच्या खुर्चीकडे बघत होते.

घरी न जाण्याचा विचार... नाही, चुकलं. वर्गाला न जाण्याचा विचार तिच्या मनात आला. मंगळवारी आला, शुक्रवारी पुन्हा आला. पण कॅलेंडरवरचा गोल तिने स्वतः काढला होता. चौथ्या रविवारी ती पावणेनऊलाच विहारात हजर होती.

सरांच्या हातात शाळेचा फॉर्म होता. नावाची जागा कोरी.

“आज उलटं करू,” ते म्हणाले. “रोज पार्टनरचं सांगता, आज प्रत्येकाने आपलं सांगायचं. आधी स्नेहल. ऊठ, बाळा.”

समोरची खुर्ची फरशीवर किंचित घासली.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. एकाच उंचीवर, एकाच जागी. अक्षताने तिथे पाहिलं. तिथे भिंत होती आणि पाण्याचं पिंप होतं.

पंखा टिक-टिक करत होता. बाहेर इडलीवाल्याचा भोंगा वाजला आणि लांब गेला. हॉलमध्ये दुसरा कुठलाही आवाज नव्हता. तरी सगळे ऐकत होते. रोहन मध्येच हसला. एका मुलीने मान हलवली. सर फॉर्मच्या मागे काहीतरी टिपून घेत होते.

तीन मिनिटं गेली. टाळ्या झाल्या.

“फार छान,” सर म्हणाले. “किती मोकळं बोलतेस. वाईट एवढंच, की तुझी पार्टनर आजसुद्धा आली नाही. बिचारी, तुला एकटीलाच सगळं करावं लागतं.”

ते अक्षताच्या दिशेने बघत होते. खुर्चीकडे बघावं तसं.

“सर,” अक्षता म्हणाली. म्हणजे, म्हणायला गेली. ‘स’ दातांवरच राहिला.

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

मागून बयाबाई आल्या. त्यांनी अक्षताच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “सर, ही रिकामी उचलू का? पुसायची राह्यलीय हितली फरशी.”

खुर्ची हलली.

अक्षता उठून उभी राहिली.

एक सोपा रस्ता तिच्या जिभेवर तयार होता. ‘माय पार्टनर सेज.’ तीनच शब्द म्हटले असते, तर पुढचं सगळं लोण्यासारखं आलं असतं. ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ते गिळलं.

“मा-माय नेम इज,” ती म्हणाली.

मग दार फुगलं.

“अ...”

कुणी बघितलं नाही.

“अ... अ...”

तिने दोन्ही हातांनी फ्रॉक धरला. पंखा टिक-टिक करत होता. तिने टिक मोजल्या. अकरा. बारा. तेरा. ती बसली नाही.

“अ... अक्षता.”

रोहनने मान वळवली.

“मी ति-तिसऱ्या मजल्यावर राहते,” ती इंग्रजीत म्हणाली. “आमची लि-लिफ्ट बंद आहे. माझे बाबा म-महाडला असतात. मला ते रोज ह-हवे असतात. मला बो-बोलायला भीती वाटते. तरी मी बो-बोलतेय.”

एवढ्याला तिला चार मिनिटं लागली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

बयाबाईंनी खुर्चीवरचा हात चटका बसल्यासारखा काढला. “आगं, तू कवा आलीस?”

सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. मागे टिपलेलं वाचायला त्यांनी फॉर्म उलटा केला. तिथे पेनाच्या खुणा होत्या, पण शाई कुठेच उठली नव्हती.

“खाली बस, बाळा,” ते हळू म्हणाले. “पाणी पी.” आणि नावाच्या कोऱ्या जागेत त्यांनी अक्षताचं नाव लिहिलं. खाली शेऱ्याची ओळ होती. तिथे त्यांनी लिहिलं: अडखळते, पण थांबत नाही. बारावं नाव कुणाचं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. हजेरीचं पुस्तक मात्र मिटून पिशवीत अगदी तळाशी घातलं.

अकरा वाजता मुलं गेली. सरही गेले. बयाबाईंनी खुर्च्या एकावर एक रचल्या. आधी दहा रचल्या, मग अक्षताची वर ठेवली. अकरा. एक तशीच ठेवली आणि बादली घेऊन तिच्याभोवतीनं फरशी पुसू लागल्या.

“ती का नाही उ-उचलली, बयाआजी?”

“बसलीय न्हवं अजून,” बयाबाई मान वर न करता म्हणाल्या. “उठल्यावर उचलते.”

अक्षता दारात होती. चपला पायात होत्या, बाहेर उन्हात आई वाट बघत उभी होती. तीन रविवार तिने त्या खुर्चीला पंधरा प्रश्न विचारले होते आणि पंधरांचीही उत्तरं स्वतःच देऊन टाकली होती. एकदाही थांबली नव्हती.

तिने चपला काढल्या. रचलेल्यातली वरची खुर्ची उतरवली, ओल्या फरशीवरून ओढत नेली आणि समोरासमोर मांडली. बसली. दप्तरातून पहिल्या रविवारचा कागद काढला.

“तु-तुझं नाव काय?” तिने विचारलं.

आणि या वेळी उत्तर न बनवता, हात मांडीवर ठेवून, ती ऐकत बसली.