पक्ष्याच्या पोटातलं झाकण

“नाही म्हणजे नाही! माझ्या देहावरून पाऊल टाकून लावा तुमचा तो माहितीपट!”

असं म्हणून झाकणराव खरोखरच टीव्हीसमोर जमिनीवर आडवे झाले. रिमोट छातीशी, त्यावर दोन्ही हात, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर जगाने टाकून दिलेल्या माणसाची करुण कळा...

“देह जरा डावीकडे सरकवा,” शिलाई मशीनवरून न उठताच त्यांची बायको म्हणाली. “माझी कात्री तुमच्याखाली गेलीय.”

झाकणराव सरकले. पण अंतःकरणातली वेदना तसूभरही सरकली नाही!

पाण्याच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे घडवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि कारखान्यातल्या लोकांनी थट्टेने ठेवलेलं हे नाव ते एखाद्या पदवीसारखं मिरवत. लेकीची शाळा मध्येच सुटू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यातली साहेबाची खुर्ची नाकारली होती आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. ती लेक शिकली, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, आणि तीन आठवड्यांपूर्वी जेवताजेवता त्याच लेकीने विचारलं होतं, “बाबा, तुमचा माल शेवटी जातो कुठे, याचा कधी विचार केलात?”

माल! उभ्या आयुष्याच्या तपश्चर्येला पोटची पोर माल म्हणाली!

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. म्हणजे बोलणं होतं, पण सगळं आईमार्फत.

आजही सुट्टीची दुपार साधून लेक त्यांच्या उशाशी येऊन बसली. “आई, बाबांना सांग, फक्त पंधरा मिनिटं बघा म्हणावं.”

“तिला सांग, मी झोपलोय.”

“त्यांना सांग, झोपलेला माणूस निरोप देत नाही.”

“मी परकर शिवू की तुमची टपालं वाटू?” आईने मशीन थांबवलं. “अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही लावाल ते मी पाहिलंय. साच्यांच्या प्रदर्शनाची ती दोन तासांची चित्रफीतसुद्धा पाहिली, तीही दोनदा! आज मला हे बघायचंय. उठा.”

प्रदर्शनाचा उल्लेख वर्मी लागला. झाकणराव उठले, रिमोट बायकोच्या हाती दिला, पण खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. “कान देईन. डोळे देणार नाही!”

माहितीपट सुरू झाला. लाटा गरजल्या, वारा घोंघावला... आणि थोड्याच वेळात झाकणरावांच्या ध्यानात आलं की समोरच्या कपाटाच्या काचेत टीव्ही लख्ख दिसतोय. त्यांनी मान किंचित कलती केली. ओसाड बेटावर एक समुद्रपक्षीण आपल्या पिल्लाला भरवत होती; शेजारच्या घरट्यातही एक पिल्लू होतं. हजारो कोस उडून ती घास आणायची, चोचीत चोच घालून द्यायची, पुन्हा निघायची. बिचारी मरमर मरतेय लेकरासाठी, ते मनात म्हणाले आणि त्यांना एकदम स्वतःचीच दया आली. डोळे पाणावले. मग ती पुन्हा परतली, तेव्हा पिल्लू वाळूवर निपचित पडलं होतं... एका संशोधक बाईने त्याचं पोट उघडलं आणि आतून निघालेला एकेक तुकडा पांढऱ्या कापडावर मांडायला घेतला.

“थांबव!”

खुर्ची धाडकन पडली. तीन आठवड्यांत बाप लेकीशी थेट बोललेला हा पहिला शब्द होता.

लेकीने चित्र थांबवलं. खिशातलं भिंग काढून झाकणराव टीव्हीला नाक लावून उभे राहिले. कापडावर एक निळं झाकण होतं आणि त्याच्या कडेला नखाएवढी अर्धगोल खोबण होती.

“माझी चंद्रकोर!” त्यांची छाती फुगली. “बघा, बघा! ऊन, मीठ, लाटा, पक्ष्याचं पोट... तरी दाते शाबूत, कड शाबूत! कुठे टवका नाही! याला म्हणतात साचा! हे कधी... हे कधी नष्टच...”

शब्द ओठांवरच विझला. भिंग धरलेला हात हळूहळू खाली आला.

“तू चार वर्षांची होतीस,” पडद्याकडेच बघत ते म्हणाले. “तापाने फणफणली होतीस. आई औषध आणायला गेलेली, मी मागे कपडे धूत होतो. तुझा घसा कोरडा पडला, उशाशी बाटली होती, पण तुझ्या इवल्या हातांना झाकण उघडेना. मी आलो तर तू बाटली कवटाळून रडत होतीस... त्यानंतर ती खोबण कोरली. तुझ्या अंगठ्याच्या मापाची. मालक आठ महिने नाही म्हणत होता, मी आठ महिने भांडलो. मला वाटायचं, कुठल्याच घरात आता लेकरू तहानलेलं रडत नसेल... आणि हे बघ गं! हे बघ कुणाच्या लेकराच्या पोटात जाऊन बसलंय!”

एकतीस वर्षं लोखंडाशी झुंजलेला तो माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

लेक धावत आली. “मला नक्षी वाटायची हो ती... बाबा! माझ्यासाठी होती, हे मला ठाऊकच नव्हतं! महिन्यापूर्वी प्रयोगशाळेत हा माहितीपट पाहिला, तुमचं झाकण ओळखलं आणि तिथेच रडू फुटलं. एकटीने पुन्हा बघायचा धीर होईना. तुमच्या शेजारी बसून बघावंसं वाटत होतं. सांगायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं!”

“मग नंतर तरी सांगायचंस!”

“कसं? तुम्ही आईमार्फत बोलत होता! मी ‘बाबांची आठवण येते’ म्हणून निरोप दिला होता. पोचला?”

“आई म्हणाली, जेवण गार होतंय.”

“मी आपलं थोडक्यात सांगितलं,” आई डोळ्यांना पदर लावत म्हणाली.

झाकणराव ताठ उभे राहिले. “ठरलं! उद्या राजीनामा! या पापाचं प्रायश्चित्त...”

“घरी बसून दिवसभर माझं डोकं खायचं? अजिबात नाही!” आईचे अश्रू जागच्या जागी आटले.

“नोकरी सोडू नका, बाबा,” लेक म्हणाली. “झाकण बाटलीला सोडून जाणार नाही, असं करा. उघडलं तरी तिलाच लटकत राहील. बाटली जाईल तिथे तेही जाईल, निदान सुटं वाहणार तरी नाही.”

झाकणरावांनी डोळे बारीक केले. ओठ पुटपुटू लागले. दोन पट्ट्या... मध्ये बिजागरी... पण ओढल्यावर तुटता कामा नये... त्यांनी मशीनवरचा खडू उचलला आणि समोर सापडलेल्या काळ्या कापडावर भराभर रेघा मारल्या. लेक टोक ताणून धरून चुका काढू लागली.

“अहो, गिऱ्हाइकाचा परकर आहे तो!”

कुणी ऐकलं नाही. मालक हो म्हणेल की पुन्हा आठ महिने भांडावं लागेल, कोण जाणे! पण बापलेक एकाच वेळी बोलत होते, एकमेकांना दटावत होते, आणि तीन आठवडे मुकं झालेलं ते घर गजबजून गेलं होतं.

“आता दोघंही गप्प बसा,” आईने परकर ओढून घेतला आणि माहितीपट पुढे चालू केला. “शेजारच्या घरट्यातलं पिल्लू राहिलंय. त्याचं काय झालं, ते मला बघायचंय.”

तिघं जमिनीवर खेटून बसली. ते दुसरं पिल्लू वाळूवर धडपडत पळालं, तोंडावर आपटलं, पुन्हा पळालं... “उड रे बाळा, उड!” झाकणराव ओरडले. आणि ते उडालं! पंख पसरून, लाटांवरून, दूर... दूर...

आई ओक्साबोक्शी रडली आणि हातातल्या परकराने तिने तोंड खसाखसा पुसलं. खडूची अख्खी बिजागरी तिच्या गालावर उमटली. लेकीला हसू आवरेना. झाकणराव मात्र भिंग डोळ्याला लावून गंभीरपणे पुढे वाकले.

“हलू नकोस गं,” ते म्हणाले. “माप घेऊ दे.”