‘उदरभरण’मधला भ

पाऊस सकाळपासून थांबला नव्हता, आणि हा माणूस छत्री मिटून माझ्या पाटीकडे बघत रस्त्यात उभा होता. भिजत. तोंडभर हसत.

“जेवायला आलात की फोटो काढायला?” मी दारातून विचारलं.

“हा फॉन्ट माझा आहे,” तो म्हणाला. “म्हणजे... मी काढलाय. खऱ्या पाटीवर पहिल्यांदाच बघतोय.”

ज्याला मी रोज शिव्या घालत होते, तो आयता दारात आला होता.

सरकारी हॉस्पिटलच्या रस्त्यावर मी खानावळ काढली आणि नाव ठेवलं ‘उदरभरण’. पाटीचं डिझाइन माझ्या भावाने, रितेशने, नेटवरचा एक फॉन्ट वापरून मुंबईहून पाठवलं. जुन्या जर्मन पुस्तकांत असतात तशी अक्षरं – काळी, जाड, टोकदार, एकमेकांना खेटून उभी. रितेशला ती फार भारी वाटली. पाटी लागली आणि अख्खी रत्नागिरी ती ‘उदरमरण’ अशी वाचायला लागली.

“भ वरची रेघ मध्ये तुटते,” मी त्याला सांगितलं. “तुम्ही ती सरळ ओढलीत. भ चा म झाला.”

“ते मुद्दाम केलंय. गॉथिक वळणात ओळ सलग काळी दिसायला हवी. रेघ तोडली तर मध्येच भोक पडल्यासारखं दिसतं.”

“भोक माझ्या धंद्याला पडलंय.”

यावर तो हसला, छत्री दाराशी टेकवली आणि आत येऊन चक्क जेवायला बसला.

नाव विनीत. राहायचा जवळच, नाचणे गावात, घरूनच अक्षरं काढायचा. त्या दिवसापासून रोज दुपारी यायचा, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मागायचा आणि सोलकढीत बोट बुडवून टेबलावर अक्षरं काढत बसायचा. मी फडकं घेऊन गेले की म्हणायचा, “थांबा, पुसू नका. हा नवा भ आहे.”

“हा अजून म च आहे.”

“जरा मान तिरकी करून बघा.”

“गिऱ्हाइकांनी माना वाकड्या करून यायचं का?”

“तुम्ही केलीत ना आत्ता... छान दिसते.”

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी फडकं आपटून आत जायचे. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ झाली की माझं लक्ष पुन्हा दाराकडे. याचा तर मला जास्तच राग यायचा.

एके दुपारी सगुणा नावाच्या आजी आल्या. नवऱ्याला बुरोंडीहून इथल्या हॉस्पिटलात आणलं होतं. “बाय, पेज मिळंल काय? त्यांना आज पेज द्या म्हणालेत डॉक्टर.” मी डबा भरून आणला. तोवर आजी बाहेर पागोळ्यांखाली उभ्या राहून पाटी वाचत होत्या. एकेक अक्षर लावून.

“नको गो बाय,” त्या हळूच म्हणाल्या. “आजारी माणसाला ह्या नावाचं नको.” आणि पावसात चालू लागल्या.

मी डबा हातात घेऊन तशीच उभी. विनीत भरल्या ताटावरून उठला, हात धुतला, माझ्या हातातला डबा घेतला आणि छत्रीही न उघडता त्यांच्यामागे धावला.

परतला तेव्हा नखशिखांत ओला होता.

“घेतली त्यांनी पेज?”

“घेतली. आधी डबा उलटसुलट करून बघितला... त्यावर काही लिहिलंय का म्हणून.” ताट तसंच राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याच्यावर चिडले नाही.

चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी शिडी खांद्यावर आणि कापून आणलेला नवा भ काखोटीला घेऊन तो हजर. मी शिडी धरली. त्याने जुना भ उतरवला, नवा ठोकला. वरची रेघ तुटलेली, स्वच्छ. समोरच्या औषधवाल्या अनिलभाऊंनी तिथूनच वाचलं, “उदरभरण.” बरोबर.

“ओळ बिघडली का हो तुमची?” मी विचारलं.

“थोडी. पण मला आवडली.”

“मग उतरा आता.”

तो उतरेना. “उतरलो की काम संपलं. उद्या कुठल्या निमित्ताने येऊ?”

“जेवायला निमित्त लागत नाही.”

“मी नुसता जेवायला येत नव्हतो. म्हणजे... जेवण चांगलंच असतं. पण—”

“पण काय?”

“मनस्वी, तुम्ही...” आणि पक्का बसलेला खिळा पुन्हा ठोकायला लागला.

“हे शिडीवरून सांगायचं असतं का?”

“खाली आलो तर धीर होणार नाही.”

माझे दंड भरून आले होते. पाऊस मानेवरून पाठीत उतरत होता. हा मनुष्य एका भ ला इतके दिवस लावतो, याचं पुढचं वाक्य दिवाळीपर्यंत तरी येईल का?

“विनीत, मला तू आवडतोस,” मी म्हटलं. “आता उतर. हात दुखायला लागलेत माझे.”

तो इतक्या घाईने उतरला की शेवटची पायरी चुकली. सावरायला त्याने माझा खांदा धरला, आणि सावरल्यावरही सोडला नाही. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. मी म्हटलं, देऊ दे.